संकल्पचित्रातले ऊन : इमारतींच्या संगणकीय चित्रांतील वास्तवतेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

इमारत उभी राहण्यापूर्वी ती कशी दिसेल हे दाखवणाऱ्या संगणकीय चित्राला मराठी वृत्तपत्रे आणि शासकीय फलक ‘संकल्पचित्र’ म्हणतात, तर वास्तुविशारदांच्या कार्यालयांत त्यालाच ‘रेंडर’, ‘थ्रीडी’ किंवा नुसते ‘व्ह्यू’ म्हटले जाते. एके काळी असे चित्र मुंबई-पुण्याच्या मोठ्या गृहप्रकल्पांपुरते मर्यादित होते. आता पोंभुर्ण्यासारख्या, चंद्रपूर जिल्ह्याच्या वनव्याप्त भागातील तालुक्याच्या गावीही सार्वजनिक इमारतीचे भूमिपूजन संकल्पचित्राच्या फ्लेक्सवाचून क्वचितच पार पडते, आणि स्वतःचे घर बांधायला निघालेला शेतकरीसुद्धा नकाशासोबत ‘थ्रीडी’ची अपेक्षा ठेवतो. चित्र जितके सार्वत्रिक झाले तितक्या त्याच्याविषयीच्या तक्रारीही वाढल्या, आणि त्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली तक्रार अशी की चित्र पाहताक्षणी संगणकाने काढलेले, प्लास्टिकसारखे वाटते. दुसरी अशी की चित्र हुबेहूब छायाचित्रासारखे असते, पण उभी राहिलेली इमारत मात्र त्या चित्रासारखी दिसत नाही. पहिलीचा संबंध चित्रणाच्या कौशल्याशी आहे आणि दुसरीचा चित्राच्या सत्यतेशी. या विषयावरील बरीच चर्चा या दोन तक्रारी एकच समजून केली जाते, त्यामुळे ती पुढे सरकत नाही. प्रस्तुत आढाव्यात त्या शक्य तितक्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

चर्चेच्या सोयीसाठी रेंडरची घडण सांगणे आवश्यक आहे. संगणकात प्रथम इमारतीची त्रिमित आकृती म्हणजे मॉडेल तयार होते. मग तिच्या प्रत्येक पृष्ठभागाला विशिष्ट गुणधर्म दिले जातात, ज्याला व्यवसायात ‘मटेरियल लावणे’ म्हणतात. त्यानंतर सूर्य, आकाश व दिवे यांची योजना होते. आणि शेवटी एका काल्पनिक कॅमेऱ्याच्या जागेवरून, प्रकाश कोठून कोठे जातो याचा हिशेब करून, चित्र ठिपक्याठिपक्याने भरले जाते. आकृती, पृष्ठभाग, प्रकाश आणि कॅमेरा या चारही ठिकाणी वास्तवतेला धक्का लागू शकतो, आणि तो नेमका कोठे लागतो याविषयीच मतभेद आहेत.

पूर्वपीठिका

न बांधलेली इमारत बांधल्यासारखी दाखवण्याची कला संगणकापेक्षा फार जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की याने रेषीय परिप्रेक्ष्याचे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूत मिळतात या तत्त्वाचे, प्रात्यक्षिक दाखवले तेव्हापासून वास्तुचित्र हे गणितावर उभे आहे. इंग्लंडमध्ये जॉन सोन या वास्तुकाराच्या इमारती जोसेफ गँडी या चित्रकाराने रंगवल्या, आणि १८३० मध्ये त्याने बँक ऑफ इंग्लंडची चालती-बोलती इमारत भग्नावस्थेत दाखवण्यापर्यंत मजल मारली. वास्तुचित्राने काळाशी किती मोकळेपणाने खेळावे याचे ते आजही टोकाचे उदाहरण आहे. वास्तुकार ल्युटेन्स यांच्या नव्या दिल्लीतील व्हाइसरॉय भवनाची परिप्रेक्ष्य-चित्रे विल्यम वॉलकॉट यांनी काढली. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कला विद्यालयात १९१३ मध्ये वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि पुढे क्लॉड बॅटली यांच्या प्रभावाखाली तेथे जुन्या भारतीय वास्तूंची मोजमाप घेऊन रेखाटने करण्याची शिस्त रुजली. ही शिस्त प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे, कारण जे बांधायचे त्याचे चित्र काढण्याआधी जे बांधलेले आहे ते नीट पाहावे आणि मोजावे, असा तिचा आग्रह होता.

संगणकीय चित्रणाचा पाया १९७० ते १९८६ या काळात घातला गेला. आरंभीच्या पद्धतींत प्रत्येक पृष्ठभागावर पडणारा थेट प्रकाश तेवढा मोजला जाई. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी किरणमागोव्याची पद्धत मांडली, तिच्यात डोळ्यापासून निघालेला काल्पनिक किरण आरशावरून परावर्तित होत व काचेतून वळत मागे नेला जातो. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील गटाने भिंतीवरून भिंतीवर उसळणाऱ्या मंद प्रकाशाचा हिशेब मांडला. ही पद्धत उष्णता-अभियांत्रिकीतून, भट्टीच्या भिंती एकमेकींना कशा तापवतात या गणितातून, उचललेली होती. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या साऱ्या पद्धती ज्याची विशेष रूपे ठरतात असे एकच समीकरण प्रसिद्ध केले, आणि तत्त्वतः प्रश्न सुटला. व्यवहारात मात्र तो सुटायला पुढची तीन दशके लागली, कारण ते समीकरण यादृच्छिक किरण सोडून सोडवताना चित्रात दाणेदारपणा येतो आणि तो निम्मा करायचा असेल तर किरणांची संख्या चौपट करावी लागते. व्ही-रेसारख्या प्रणाली, २०११ पासून ब्लेंडर या त्रिमित-चित्रणाच्या सॉफ्टवेअरसोबत मोफत मिळणारे सायकल्स, २०१८ नंतर किरणमागोवा स्वतःच करणारे ग्राफिक कार्ड, आणि दाणे पुसून टाकणारे गणिती गाळण यांच्यामुळे एके काळी रात्रभर चालणारे काम आता काही मिनिटांत होते. पोंभुर्ण्यातील एखाद्या अभियंत्याच्या टेबलावरचा संगणकही आज जे करतो ते १९८६ च्या कोणत्याही विद्यापीठाला शक्य नव्हते. साधनांची कमतरता हे कारण त्यामुळे पुरेसे राहिलेले नाही.

‘खरे’ या शब्दाचे तीन अर्थ

वास्तवता म्हणजे काय, या प्रश्नाची सर्वांत उपयुक्त विभागणी जेम्स फर्वर्डा यांनी २००३ मध्ये केली. त्यांच्या मते चित्रातील वास्तवता तीन प्रकारची असते. चित्रातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश आणि प्रत्यक्ष दृश्यातून येणारा प्रकाश भौतिकदृष्ट्या सारखा असणे ही पहिली. चित्र पाहून मनात उमटणारा ठसा प्रत्यक्ष दृश्यासारखा किंवा त्याच्या छायाचित्रासारखा असणे ही दुसरी. आणि चित्रावरून घ्यायचा निर्णय योग्य ठरावा इतकी माहिती चित्राने देणे ही तिसरी. पहिलीला भौतिक, दुसरीला छायाचित्री आणि तिसरीला कार्यात्म वास्तवता म्हणता येईल. या क्षेत्रातील प्रमुख मतप्रवाह जवळजवळ याच तीन अर्थांभोवती विभागले गेले आहेत.

भौतिक वास्तवतेच्या बाजूचे अभ्यासक असे मानतात की प्रकाशाची मापे खरी वापरली, पृष्ठभागांचे परावर्तन मोजून घेतले आणि गणित प्रामाणिकपणे पूर्ण केले, तर चित्र आपोआप खरे दिसते. ग्रेग वॉर्ड यांनी विकसित केलेली रेडियन्स ही प्रणाली या विचाराचे प्रातिनिधिक उदाहरण असून, खोलीत दिवसा किती लक्स प्रकाश पोचेल हे सांगण्यासाठी ती जगभर विश्वासार्ह मानली जाते. कॉर्नेलमध्ये १९८६ मध्ये झालेल्या प्रयोगात एका साध्या खोक्याचे प्रत्यक्ष दृश्य आणि त्याचे मोजून केलेले संगणकीय चित्र प्रेक्षकांना शेजारीशेजारी दाखवले गेले, तेव्हा खरे कोणते हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही. या मताची मर्यादाही त्याच प्रयोगात आहे: ते खोके होते, इमारत नव्हती, त्यात धूळ, शेवाळ, माणसे आणि झाडे नव्हती.

दुसरे मत असे की माणसाचा डोळा भौतिकशास्त्र तपासत बसत नाही, तो काही मोजक्या खुणा शोधतो. पॉल रॅडमाकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेल्या अभ्यासात सावलीच्या कडांचा मऊपणा आणि पृष्ठभागाचा खरबरीतपणा यांचा चित्र खरे वाटण्यावर स्पष्ट परिणाम आढळला, पण दिव्यांची संख्या किंवा दृश्यातील वस्तूंची संख्या वाढवल्याने तसा फरक पडला नाही. या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. चित्र खोटे वाटले की त्यात आणखी गाड्या, आणखी माणसे, आणखी झुडपे टाकण्याची जी सवय बहुतेक कार्यालयांत दिसते तिला या अभ्यासातून आधार मिळत नाही. एका भिंतीचा गिलावा नीट करणे अधिक उपयोगाचे ठरते.

तिसरे मत छायाचित्रासारखे चित्र हे ध्येयच नाकारते. संकल्पना अपूर्ण असताना पूर्ण इमारतीचे छायाचित्र दाखवले की चर्चा गोठते, ग्राहक दाराच्या कडीच्या रंगावर बोलू लागतो आणि खोल्यांची मांडणी तशीच राहते, असा या मताचा अनुभवसिद्ध युक्तिवाद आहे. बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतील ‘संगाथ’ हे आपले कार्यालय लघुचित्रांच्या शैलीत, एकाच चित्रात अनेक बाजू आणि अनेक प्रसंग दाखवून रेखाटले, आणि ते चित्र कोणालाही खोटे वाटत नाही. पूर्व विदर्भातील वाचकाला याचे कारण झाडीपट्टीच्या रंगभूमीवरून समजू शकेल: पडद्यावर रंगवलेला राजवाडा पाहून प्रेक्षक फसत नाही आणि नाराजही होत नाही, कारण तो पडदा राजवाडा असल्याचा दावा करत नाही. फसवणुकीचा प्रश्न दावा केल्यावरच येतो, आणि छायाचित्रासारखे रेंडर तो दावा न बोलता करते. हे मत महानगरातील अनुभवी ग्राहकासमोर जितके पटते तितके नकाशा वाचण्याची सवय नसलेल्या कुटुंबासमोर पटत नाही. त्यांच्यासाठी ‘थ्रीडी’ हे नकाशाचे भाषांतर असते, आणि ते काढून घेतले तर निर्णय पुन्हा एकट्या अभियंत्याच्या हाती जातो.

ऊन

वरील तीनही मतांना जोडणारा आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे ठिकाण. आज वापरात असलेली चित्रण-साधने प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत तयार झाली, आणि त्यांच्यासोबत येणारी तयार आकाशे, झाडे व पृष्ठभाग यांचा मोठा भाग तिकडच्या हवामानातून आला आहे. १९९८ मध्ये पॉल डेबेव्हेक यांनी दाखवून दिले की एखाद्या जागी चहूबाजूंनी, कमीअधिक एक्स्पोजर देऊन अनेक छायाचित्रे घेऊन ती जोडली तर तयार होणाऱ्या गोलाकार प्रकाशचित्राने संगणकातील वस्तू त्या जागेच्या खऱ्या प्रकाशात उजळता येते. ही पद्धत अत्यंत परिणामकारक ठरली. पण तिचा अटळ परिणाम असा की उत्तर युरोपातल्या माळरानावर घेतलेले आकाश वापरले की पोंभुर्ण्याच्या शाळेवर उत्तर युरोपातला प्रकाश पडतो.

हा फरक आकड्यांत मांडता येतो. पोंभुर्णा सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा, २० मेच्या आसपास आणि पुन्हा २३-२४ जुलैच्या आसपास, मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते आणि दक्षिणेची भिंत सावलीत जाते. बर्लिनमध्ये सूर्य वर्षभरात कधीच ६१ अंशांच्या वर चढत नाही. या एका गोष्टीमुळे इमारतीचे रूप पूर्ण बदलते. २० एप्रिलच्या मध्यान्ही पोंभुर्ण्यात सूर्याची उंची सुमारे ८१ अंश असते आणि दक्षिणेच्या भिंतीवरील दोन फुटी छज्ज्याची सावली तेरा फूट खाली उतरते, म्हणजे एका मजल्याची संपूर्ण भिंत छायेत जाते. २१ डिसेंबरला तोच छज्जा जेमतेम दोन फूट सावली देतो. संकल्पचित्रात दक्षिणेची भिंत तिरप्या, सोनेरी उन्हात न्हालेली दिसत असेल, तर ते चित्र एक तर हिवाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळचे आहे किंवा दुसऱ्या देशाचे. चित्राखाली तारीख आणि वेळ लिहिली असती तर हे पाहणाऱ्याला लगेच कळले असते, पण तशी प्रथा नाही.

याहून सूक्ष्म बाब सावलीच्या कडेची आहे. सूर्य बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे तीन मीटर अंतरावरच्या कडेची सावली सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीत विरघळत जाते, तर खिडकीच्या चौकटीलगतची सावली धारदार राहते. कवेलूच्या छपरीखाली उभे राहून पाहिले तर पन्हळीच्या कडेची सावली जमिनीवर मऊ आणि वाशाच्या जवळची सावली भिंतीवर तीक्ष्ण दिसते. संगणकात सूर्याचा हा आकार शून्य ठेवला की सगळ्या सावल्या सारख्याच कापल्यासारख्या पडतात, आणि रॅडमाकर यांच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे अशा कडांमुळे चित्र कमी खरे वाटते.

आकाशाच्या रंगाविषयी संशोधन बरेच पुढे गेले आहे. प्रीथम व सहकाऱ्यांचे १९९९ चे आणि होशेक-विल्की यांचे २०१२ चे गणिती आकाश सूर्याची उंची आणि हवेतील गढूळपणा या दोन मुख्य आकड्यांवरून आकाशाचा रंग काढते. गढूळपणाचा आकडा बहुतेक चित्रांत स्वच्छ हवेसाठी ठरवलेल्या किमतीवरच सोडलेला असतो. चंद्रपूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, धूळ आणि कोळशाच्या पट्ट्याचा धुरकटपणा हवेत असतो, आणि क्षितिजाजवळचे आकाश निळे न राहता पांढुरके, पितळी होते. पावसाळ्यात उलट स्थिती: पूर्ण ढगाळ आकाशाचे मान्य प्रमाण असे सांगते की डोक्यावरचा भाग क्षितिजाच्या तिप्पट उजळ असतो, आणि अशा प्रकाशात सावल्या जवळजवळ नाहीशा होऊन फक्त छज्ज्याखालचे, पायऱ्यांच्या सांध्यातले काळवंडणे उरते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत या भागात इमारती बराच काळ याच प्रकाशात दिसतात, तरी पावसाळी संकल्पचित्र जवळजवळ पाहायलाच मिळत नाही. तसे चित्र विकले जाणार नाही, हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते बहुधा खरेही आहे.

पृष्ठभाग आणि जुनेपणा

पृष्ठभागाच्या बाबतीत पहिला दोष पांढऱ्या रंगाचा आहे. पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग परत फेकला जातो त्या प्रमाणाला परावर्तनांश म्हणतात. ताज्या चुन्याच्या भिंतीचा तो साधारण ०.८ असतो, सिमेंटच्या गिलाव्याचा ०.३ च्या आसपास आणि ओल्या काळ्या मातीचा ०.१ हून कमी. संगणकात पांढरी भिंत म्हणून १ हा आकडा दिला की प्रकाश प्रत्येक उसळीला अजिबात न घटता फिरत राहतो, कोपरे उजळतात, खोलीतला खोलपणा जातो आणि सारे दृश्य दुधात बुडाल्यासारखे सपाट होते. दुसरा दोष पुनरावृत्तीचा: चार फुटांचे छायाचित्र चाळीस फुटांच्या भिंतीवर दहा वेळा चिकटवले की तोच डाग रांगेत दहा वेळा दिसतो. तिसरा दोष कडांचा आहे, कारण गणिती आकृतीची कड अमर्याद धारदार असते आणि गवंड्याच्या हातची कधीच नसते. ती दोन-चार मिलिमीटर गोलावली की तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ पकडली जाते आणि भिंत एकदम जड, खरी वाटू लागते. या तिन्ही दोषांविषयी व्यवसायात फारसा मतभेद नाही.

मतभेद आहे तो स्थानिक पदार्थांविषयी, किंवा अधिक नेमके सांगायचे तर मतभेद होण्याइतकीही माहिती तेथे नाही. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली हा पट्टा बांबू आणि सागाचा आहे. येथील मानवेल हा बांबू जवळजवळ भरीव असतो, बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळता होतो, त्याच्या पेरांतील अंतर असमान असते; कटांग जाड, पोकळ आणि काटेरी असतो. तोडल्यावर हिरवा, वाळल्यावर गवती पिवळा आणि उन्हापावसात काही वर्षांनी राखाडी, असा त्याचा रंग बदलत जातो. त्याच्या सालीवर प्रकाशाची चमक दांड्याच्या लांबीला धरून एका रेघेत उमटते, म्हणजे परावर्तन सर्व दिशांना सारखे नसते. तयार संग्रहांतील बांबू मात्र एकाच जाडीची, समान पेरांची, वार्निश केलेली नळी असते. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि बांबूच्या इमारतींविषयी या भागात शासकीय पातळीवर आस्था आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. बांबूची इमारत चित्रात बाहुलीच्या घरासारखी दिसली तर ती न निवडण्याचे एक कारण तयार होते. सागाचेही तसेच आहे. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी सागवान रवाना झाले, पण त्याच जिल्ह्यातील संकल्पचित्रांत जो साग दिसतो तो परदेशी संग्रहातला, मधाच्या रंगाचा, चकचकीत पॉलिशचा असतो. जुन्या घरांच्या खांबांवर दिसणारा, तेल आणि धुराने काळपट झालेला किंवा उघड्यावर रुपेरी पडलेला साग त्यात नसतो. कुडाची मातीने लिंपलेली भिंत, हाताने थापलेले कवेलू, टिनाचा गंजू लागलेला पत्रा आणि चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या राखेपासून बनणारी करड्या रंगाची वीट यांचीही हीच स्थिती आहे. बांधकाम राखेच्या विटेचे आणि चित्रातली उघडी भिंत तांबड्या विटेची, ही विसंगती अपवादात्मक नाही.

जुनेपणा दाखवावा की नाही, हा या विभागातील खरा वादाचा मुद्दा. मोहसेन मुस्तफवी आणि डेव्हिड लेदरबॅरो यांनी १९९३ च्या त्यांच्या ग्रंथात असे मांडले की बांधकाम संपल्यावरही ऊन-पाऊस इमारत घडवतच राहतात, तेव्हा डाग हा निव्वळ ऱ्हास नाही. या विचाराचे समर्थक म्हणतात की कठड्याच्या पाणपट्टीला टिपणी, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने खाली पाडणारी खाच, नसेल तर तीन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ येणारच, आणि ते चित्रात आधी दाखवले तर टिपणी करण्याची आठवण होईल. वास्तवता येथे आरेखनाची चूक पकडते. विरोधकांचे म्हणणे असे की ग्राहकाला पहिल्या दिवसाचीच इमारत हवी असते आणि तिच्यावर काल्पनिक डाग टाकणे हेही एक प्रकारे चित्रकाराने स्वतःच्या मर्जीने केलेला मेकअपच आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तथापि साधारण १२०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडणाऱ्या पूर्व विदर्भात पहिल्या बाजूचे पारडे जड मानावे लागते.

झाडे, माणसे, कॅमेरा

झाडांविषयी थोडक्यात सांगता येईल. सागाची पाने फेब्रुवारीपासून गळू लागतात आणि पाऊस येईपर्यंत झाड जवळजवळ ओके राहते. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. धानाच्या बांध्या ऑगस्टमध्ये हिरव्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोनेरी आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या असतात. संकल्पचित्रांत मात्र बारमाही हिरवळ आणि शोभेचे ताड असतात, आणि माणसे थंड हवेत घालायचे कोट घालून चालतात. उन्हाळ्यात ज्या झाडाची सावली मिळणार नाही त्याची सावली चित्रात अंगणावर पडलेली दाखवली, तर ती केवळ सजावट राहत नाही, आरेखनाचा चुकीचा आधार बनते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र बरेच एकमत झाले आहे: नजरेची उंची दीड मीटरच्या जवळ, उभ्या रेषा उभ्या, आणि भिंग फार रुंद नसलेले, कारण फार रुंद भिंगाने दहा फुटांची खोली सभागृहासारखी दिसते. प्रकाशाच्या पल्ल्याचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. उन्हाळ्यातल्या अंगणात सुमारे एक लाख लक्स आणि आतल्या खोलीत शे-दोनशे लक्स असतात. पडदा किंवा कागद हा फरक दाखवू शकत नाही, म्हणून तो दाबून बसवावा लागतो. किती दाबावा याला वस्तुनिष्ठ उत्तर नाही. जास्त दाबला की खोली आणि अंगण सारखेच उजळ दिसतात आणि मे महिन्यात उन्हातून ओसरीत शिरताना डोळ्यांसमोर जो क्षणभर अंधार येतो, ज्यासाठी ओसरी बांधलेली असते, तो अनुभव चित्रातून नाहीसा होतो.

प्रामाणिकपणा आणि कायदा

दुसऱ्या तक्रारीचे, म्हणजे चित्र आणि इमारत यांतील तफावतीचे, उत्तर अंशतः कायद्याने दिले आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे गुंतवणाऱ्यास भरपाई मागता येते, आणि त्यास प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह रक्कम परत मिळू शकते. राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातींत क्यूआर कोड अनिवार्य केला, त्यामुळे चित्र पाहणारा नोंदणीकृत माहितीपर्यंत पोचू शकतो. पण सर्वसाधारणपणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पांनाच नोंदणीचे बंधन असल्याने पोंभुर्ण्यातील बहुतेक बांधकाम, म्हणजे शासकीय इमारती आणि एकेकट्या कुटुंबांची घरे, या चौकटीबाहेर राहते. चित्राच्या कोपऱ्यातील ‘हे कलाकाराच्या कल्पनेतील चित्र आहे’ हे वाक्य तर दोन्ही बाजूंनी वाचता येते: काहींना ते आवश्यक खुलासा वाटते आणि काहींना जबाबदारी टाळण्याची पळवाट.

लंडनमध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर आहे. तेथील दृश्य-व्यवस्थापन आराखड्यात चित्राच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत: केवळ स्थान व आकार, मग दिसण्याचे प्रमाण, मग वास्तुरूप, आणि शेवटी पदार्थांसह संपूर्ण चित्र. कोणते चित्र किती दावा करते हे त्यामुळे आधीच स्पष्ट होते. महाराष्ट्रात सार्वजनिक इमारतींसाठी अशी श्रेणी स्वीकारावी का, यावर चर्चा जवळजवळ सुरूच झालेली नाही. ती न होण्यामागे विरोध नसून प्रश्नच न विचारला जाणे हे कारण दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे वळण

२०२२ मध्ये शब्दांवरून चित्र तयार करणाऱ्या स्टेबल डिफ्यूजनसारख्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या आणि पुढच्याच वर्षी कंट्रोलनेटमुळे त्यांना एखाद्या रेखाटनाच्या चौकटीत बांधता येऊ लागले. काही सेकंदांत मिळणारी ही चित्रे पहिल्या तक्रारीचे जवळजवळ पूर्ण निरसन करतात; ती प्लास्टिकसारखी दिसत नाहीत, कडा गोलावलेल्या असतात, भिंतीवर डागही असतात. दुसरी तक्रार मात्र ती अधिक गंभीर करतात, कारण येथे प्रकाशाचा कोणताही हिशेब झालेला नसतो. पूर्वी पाहिलेल्या असंख्य छायाचित्रांवरून काय संभाव्य दिसेल याचा तो अंदाज असतो, आणि त्यात खिडक्यांची संख्या बदलू शकते किंवा सावल्या दोन दिशांना पडू शकतात. समर्थकांच्या मते सुरुवातीच्या टप्प्यावर, दहा पर्याय चाचपताना, हा दोष क्षम्य आहे. टीकाकारांच्या मते महाजालावर ज्या प्रदेशांची छायाचित्रे भरपूर आहेत त्यांचेच रूप या अंदाजात झिरपते, आणि ‘मध्य भारतातील खेडे’ असे सांगितले तरी येणारे घर बहुधा भलतेच असते. तयार संग्रहांच्या बाबतीत जी अडचण होती तीच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक अदृश्यपणे परतली आहे.

काय अनिर्णित आहे

छायाचित्रासारखे दिसणे हा प्रश्न तंत्राच्या दृष्टीने सुटल्यात जमा आहे, असे या आढाव्यावरून म्हणता येते. न सुटलेल्या बाबी तीन आहेत. चित्र किती काळानंतरच्या इमारतीचे असावे, याविषयी व्यवसायात संकेत नाही. नोंदणीच्या चौकटीबाहेरील सार्वजनिक इमारतींच्या चित्रांनी किती दावा करावा, याविषयी नियम नाही. आणि ज्या ठिकाणी इमारत उभी राहायची तेथील प्रकाश, पदार्थ आणि झाडे यांचा मोजलेला, सर्वांना खुला संग्रह पूर्व विदर्भासाठी कोणाच्या हाती दिसत नाही. दिवसाच्या प्रकाशाच्या हिशेबासाठी लागणारी हवामानाची माहितीही बहुधा जवळच्या नागपूरची वापरली जाते. या तिसऱ्या बाबीला फार मोठ्या निधीची गरज नाही. तिपाईवर बसवलेला साधा कॅमेरा, रंगपट्टीचे एक कार्ड आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर चार ऋतूंतील आकाशे, मानवेल आणि कटांगाची साल, लिंपलेली भिंत, नवे व जुने कवेलू, राखेची वीट आणि पळस-मोह-सागाची महिनावार रूपे टिपता येतील. बॅटली यांच्या काळातील विद्यार्थ्यांनी जुन्या वास्तू जशा मोजल्या तसे हे काम एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखे आहे, आणि नागपूर-चंद्रपूर परिसरातील वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हाती घ्यावे.